बी.ई. नंतर एलएल.बी. : साइटवरून कोर्टापर्यंत जायचं कसं

माझ्या आयुष्यातला पहिला कायदेशीर दस्तऐवज मी बॉलपेननं लिहिला, आणि तो कायदेशीर होता हे मला काही वर्षांनी कळलं. रस्त्याच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर असताना रोज संध्याकाळी हिंड्रन्स रजिस्टर भरायचं काम माझ्याकडे होतं. कुठल्या दिवशी जागा ताब्यात मिळाली नाही, ड्रॉइंग कधी आलं, पावसानं काम कधी थांबलं, याच्या नोंदी. कंटाळा आला की तीन दिवसांच्या नोंदी एकदम लिहायचो. पुढे त्या कामाच्या बिलावरून लवाद बसला आणि कंपनीनं मला साक्षीला उभं केलं. समोरच्या वकिलांनी काँक्रीटबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी फक्त रजिस्टर उघडलं आणि शांतपणे विचारलं, "या तिन्ही दिवसांची शाई एकसारखी का आहे? 'पाऊस, काम बंद' म्हणजे किती वाजल्यापासून बंद?" पाऊस खरोखर पडला होता. पण मला ते शाबित करता आलं नाही.

इंजिनिअरिंग करून कायद्याकडे वळायचा विचार करणाऱ्या मुलामुलींना मी हा किस्सा आधी सांगतो. आपल्याला वाटतं, तांत्रिक ज्ञान आहे म्हणजे कोर्टात आपण वरचढ ठरू. कोर्ट विचारतं ते वेगळंच: तुला माहीत आहे ते ठीक, पण कागदावर काय आहे? हा फरक ज्याला आवडतो त्यानं जरूर यावं. पुढची माहिती महाराष्ट्रात तीन वर्षांचा एलएल.बी. करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आधी दोन दिवस कोर्टात बसा

अर्ज, क्लास, पुस्तकं हे सगळं नंतर. आधी नोकरीतून दोन दिवस सुट्टी काढा आणि जवळच्या जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. न्यायालयं खुली असतात, कोणी हटकत नाही. फोन बंद ठेवा, एवढंच. एक दिवस दिवाणी कोर्टात, एक दिवस फौजदारीत.

सिनेमातला युक्तिवाद तिथे दिसणार नाही. सकाळी बोर्डावर पन्नास-साठ प्रकरणं लागलेली असतात, शिपाई पुकारा करतो, एकेक वकील उठून मुदतीचा अर्ज देतो, कोणी पुरसिस (छोटं लेखी निवेदन) दाखल करतो, पुढची तारीख पडते. दुपारनंतर एखादी उलटतपासणी चालते आणि त्यातले चाळीसएक प्रश्न निव्वळ तारखांचे असतात. हे बघून जांभई आली तर वाईट वाटून घेऊ नका, तीन वर्षं वाचली. पण "या साक्षीदाराला हाच प्रश्न आधी का विचारला नाही?" असं मनात आलं, तर पुढचं वाचा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गणिताचा कंटाळा आला किंवा नोकरीत मन रमत नाही, म्हणून कायदा निवडू नका. इथे गणिताच्या जागी वाचन येतं, आणि ते गणितापेक्षा दमवतं. दोनशे पानांचं करारपत्र रात्रीत वाचून त्यातली एक ओळ शोधायची असते.

पदवी कुठली, आणि कुठली नाही

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे वकिलीला चालणारे दोनच रस्ते. इंजिनिअर तीन वर्षांच्या रस्त्यानं जातो. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणानं केलेली एलएल.बी. बार कौन्सिल ऑफ इंडिया मान्य करत नाही. सायबर लॉ, पेटंट किंवा करार व्यवस्थापनाचे डिप्लोमा चांगले असतात, पण त्यांच्यावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. थेट एलएल.एम. करता येत नाही, त्याला आधी एलएल.बी. लागते. हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की वेगळा परिच्छेद करावा लागला.

पात्रतेसाठी पदवीला खुल्या वर्गात किमान ४५ टक्के, इतर मागास वर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, वयाची कमाल मर्यादा नाही. माझ्या वर्गात पन्नाशी ओलांडलेले एक बँक अधिकारी होते आणि नोट्स सर्वांत चांगल्या त्यांच्याच असायच्या.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला सीयूईटी पीजी या परीक्षेतून प्रवेश मिळतो. आणि इंजिनिअरनी एक नाव लक्षात ठेवावं: आयआयटी खरगपूरचं राजीव गांधी बौद्धिक संपदा विधी विद्यालय. तिथला तीन वर्षांचा निवासी एलएल.बी. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असलेल्यांना समोर ठेवूनच आखलेला आहे. पेटंट हेच आपलं काम असं आधीपासून पक्कं असेल, तर तो पर्याय तपासाच.

सीईटी आणि कागदांची फाइल

महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी सीईटी घेतो. संगणकावरची, बहुपर्यायी परीक्षा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. विषय चार: कायद्याचा कल, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्क, आणि इंग्रजी. तर्काचे प्रश्न इंजिनिअर हसतहसत सोडवतो आणि त्याच्याच तयारीत वेळ घालवतो, कारण तिथे बरं वाटतं. खरा फटका इंग्रजी आणि सामान्य ज्ञानात बसतो. गुणांचा सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा असतो. दोन-तीन महिने रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, त्यातल्या न्यायालयीन बातम्या कापून ठेवणं, आणि आधीच्या वर्षांचे पेपर वेळ लावून सोडवणं, एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. महागड्या क्लासची गरज मला वाटली नाही.

परीक्षेपेक्षा जास्त लोक अडतात ते कागदांवर. इंजिनिअरिंगला हल्ली टक्के नसतात, सीजीपीए असतो, आणि प्रवेशाला टक्के लागतात. विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र निकालाच्या गडबडीत मागायला गेलात तर खिडक्या मोजत बसाल, म्हणून आधीच काढा. मधली वर्षं नोकरीत गेली असतील तर त्या खंडाचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. आरक्षणातून अर्ज असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांच्या तारखा बघा. आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिका एका फाइलीत लावा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्यांनी माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं कलम अर्जाआधी शब्दन् शब्द वाचावं. कायद्याचं वाचन तिथूनच सुरू झालं असं समजा.

कॉलेज, हजेरी आणि नोकरी

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, कोर्ट किती लांब आहे ते बघा. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, पुण्याचं आयएलएस १९२४ सालचं. ही नावं मोठी आहेत, आणि मिळालं तर घ्याच. पण तालुक्याच्या ठिकाणच्या अनुदानित कॉलेजात शिकून, दुपारी समोरच्याच कोर्टात बसणारा मुलगा मोठ्या शहरातल्या लांबच्या खासगी कॉलेजातल्या मुलाच्या पुढे जातो, हे मी बघितलंय. शासकीय, अनुदानित आणि खासगी यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा पसंतीक्रम भरताना तो कागदावर मांडून बघा.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: नोकरी करत करत जमेल का? नियम असे आहेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार हजेरी ७० टक्के हवी. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ पर्यंत सवलत देऊ शकतात. अनिवासी कॉलेजात वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घेता येतात, म्हणजे जुन्या काळातलं रात्रीचं लॉ कॉलेज विसरा. सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलनं परिपत्रक काढून विद्यार्थ्यांकडून नोकरीबाबतचं घोषणापत्र, मालकाचं ना-हरकत पत्र, आणि कॉलेजात बायोमेट्रिक हजेरी असं सगळं मागितलं. "हजेरी आम्ही बघून घेऊ" असं सांगणारी माणसं प्रवेशाच्या दिवसांत भेटतात. त्यांच्यावर विसंबू नका. खोटं घोषणापत्र सही करून वकिलीच्या धंद्यात शिरणं बरं नव्हे, आणि ते पुढे सनदेच्या वेळी अंगाशी येऊ शकतं.

ज्यांना जमतं त्यांची शिफ्ट दुपारची असते किंवा काम घरून करण्याचं असतं, कॉलेज सकाळचं असतं, आणि मालकाला सगळं ठाऊक असतं. साइटवरची नोकरी आणि एलएल.बी. ही दोन्ही सांभाळणारा मला आजवर भेटलेला नाही. मी नोकरी सोडली आणि संध्याकाळी एका कंत्राटदाराची बिलं तपासून देत खर्च भागवला.

अभ्यास : भार कोणावर?

पहिल्या सेमिस्टरला मी करार कायद्याचा पेपर इंजिनिअरसारखा लिहिला. सूत्र, किमती, उत्तर. "करार रद्दबातल आहे." दोन ओळी. दहापैकी अडीच गुण मिळाले. शेजारच्या कला शाखेतल्या मुलीनं निष्कर्ष माझ्या उलट काढला होता आणि तिला सात मिळाले. मी भांडायला गेलो, तेव्हा सर म्हणाले, "उत्तर कोण मागतंय? तू तिथवर कसा पोचलास ते दाखव. आणि समोरचा काय म्हणेल तेही."

आपल्याला बीमवरचा भार काढायला शिकवलेलं असतं. कायद्यातही पहिला प्रश्न भाराचाच, फक्त तो शाबितीचा भार. अमुक गोष्ट कोणी शाबित करायची? नाही केली तर कोण हरणार? दिवाणी दाव्यात संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघतात, फौजदारीत वाजवी संशयापलीकडे शाबित करावं लागतं. एकाच प्रसंगाचं उत्तर या दोन ठिकाणी वेगळं येऊ शकतं, आणि दोन्ही बरोबर असतात. हे पचायला मला वर्ष लागलं. फॅक्टर ऑफ सेफ्टी प्रत्येक कामाला वेगळा असतो, हे आठवल्यावर जरा सोपं गेलं.

अभ्यासाची माझी पद्धत सांगतो. प्रत्येक विषयाचा बेअर अॅक्ट घ्यायचा, म्हणजे भाष्य नसलेला मूळ कायदा, गाइड नंतर. कलम वाचताना ते यंत्राच्या ड्रॉइंगसारखं सुटं करायचं: हे कलम लागू व्हायला कुठल्या गोष्टी असाव्या लागतात, त्यातली एक नसेल तर काय, परंतुक ("परंतु"नं जोडलेला अपवाद) काय काढून घेतं, स्पष्टीकरण काय घालतं. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७४ असं सुटं करून बघा. कामाला उशीर झाला तर ठरलेली रक्कम कापायची, हे आपण साइटवर रोज बघतो. पण कलम म्हणतं, वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. मग आपल्या बिलातून कापलेले ते दहा टक्के आपोआप बरोबर ठरतात का? बघा, आता हे परीक्षेचं कलम राहिलं नाही.

त्याच्याच जोडीला 'ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स' हा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल वाचा. युरोपातल्या पोलाद कामगारांच्या संपामुळे पाइप उशिरा पोचले आणि ओएनजीसीनं बिलातून रक्कम कापली, एवढीच गोष्ट. लवादाचा निवाडा न्यायालय किती तपासू शकतं, हा वादही त्यात आहे, आणि त्या भागावर पुढे २०१५ च्या दुरुस्तीनं बरंच पाणी फिरवलं. निकाल वाचायची सवय लावताना घटना, मुद्दे, दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि रेशिओ असे चार रकाने आखा. रेशिओ म्हणजे ज्या तत्त्वावर निकाल उभा आहे ते. बाकीचं कितीही सुंदर लिहिलेलं असलं तरी ऑबिटर, म्हणजे ओघात केलेलं भाष्य.

फौजदारी कायदे शिकताना एक दुप्पट काम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते, आणि कोर्टात असे खटले ढिगानं आहेत. म्हणून खुनाचं जुनं कलम ३०२ आणि नवं १०३ दोन्ही तोंडात बसले पाहिजेत. वहीत दोन रकाने करा, झालं.

भाषेचं काय? बऱ्याच विद्यापीठांत पेपर मराठीत लिहिता येतो आणि जिल्हा-तालुका पातळीवर मराठीत काम चालतं. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी. मी इंग्रजीत लिहिलं, आणि नंतर दावा, कैफियत, शपथपत्र यांची मराठी वेगळी शिकावी लागली. "सबब विनंती की" ही वळणं कुठल्या पुस्तकात नीट मिळत नाहीत, जुन्या फाइली वाचूनच येतात.

इंटर्नशिप

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते. अनेक जण ओळखीच्या वकिलांकडून प्रमाणपत्र घेऊन मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका, कारण वर्गात काहीच दिसत नाही.

पहिली इंटर्नशिप तालुक्याच्या दिवाणी वकिलाकडे करा, मोठ्या फर्ममध्ये नंतर. तिथे कळतं की दाव्याला निशाणी १ आणि तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला निशाणी ५ का म्हणतात, नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, नाझर कोण, बेलिफ समन्स बजावून परत आला का हे कसं बघायचं. इ-कोर्ट्सच्या अॅपवर प्रकरणाची पुढची तारीख काढायला शिका, पण रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) स्वतः फाइलीत वाचा. तारीख का पडली ते बहुतेकदा तिथेच नीट कळतं. दुसरी इंटर्नशिप तुमच्या इंजिनिअरिंगच्या जवळच्या कामात: लवादाचं काम करणारे, पेटंटवाले, किंवा रेरा (घरबांधणी प्रकल्पांचा कायदा), वीज, पर्यावरण यांतलं कोणी.

सनद आणि बार परीक्षा

पदवी हातात आली की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे नावनोंदणी. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम २४ नुसार २१ वर्षं वय आणि मान्य पदवी लागते. फी कायद्यानं ठरलेली आहे: राज्य कौन्सिलला ६०० आणि केंद्रीय कौन्सिलला १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी मिळून १२५. यापेक्षा कितीतरी जास्त पैसे वर्षानुवर्षं घेतले जात होते. गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी ते थांबवलं. मुद्रांक शुल्क वेगळं. कोणी जादा मागितलं तर निकालाचं नाव सांगा.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे एआयबीई. आधी तात्पुरती नोंदणी होते आणि दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी लागते. १०० प्रश्न, साडेतीन तास, गुण कापणं नाही. टिपणं न लिहिलेले बेअर अॅक्ट जवळ ठेवता येतात. पास व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. २०११ पासून ही परीक्षा होते आहे. आपल्यासारख्यांना ती जड जात नाही, पण बेअर अॅक्ट पहिल्यांदाच उघडणाऱ्याला साडेतीन तास पुरत नाहीत.

इथे एक अट नीट समजून घ्या. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. कंपनीत कायदा विभागात लागलात तर सनद स्थगित करावी लागते. "सनद असू दे, नोकरीही चालू दे" हे चालत नाही.

बी.ई.चा उपयोग नेमका कुठे?

सगळीकडे नाही. घटस्फोटाच्या प्रकरणात थर्मोडायनॅमिक्स कामाला येत नाही. पण काही जागी इंजिनिअर वकिलाला दार आपोआप उघडतं.

बांधकाम आणि पायाभूत कामांचे लवाद ही त्यातली सर्वांत मोठी जागा. लवाद व समेट अधिनियम १९९६ खाली चालणाऱ्या या वादांत फाइलींचे गठ्ठे येतात: रनिंग बिलं, मेजरमेंट बुक, हिंड्रन्स रजिस्टर, मुदतवाढीची पत्रं, बार चार्ट. सीनिअर वकील उत्तम युक्तिवाद करतात, पण उशिराचे दिवस कोणाच्या नावावर पडतात हे बार चार्टवरून त्यांना कोणीतरी काढून द्यावं लागतं. तो कोणीतरी तुम्ही. पहिली दोन वर्षं हेच काम करा, उलटतपासणीचे प्रश्न लिहून द्या. एकसारखी शाई शोधायची सवय मला तर अनुभवानंच लागली.

पेटंट ही दुसरी जागा, आणि तिथली एक गंमत अनेकांना ठाऊक नसते. पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागतच नाही. पेटंट अधिनियम १९७० च्या कलम १२६ प्रमाणे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पात्रता परीक्षा एवढं पुरतं. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते, प्रत्येक लेखी पेपरात निम्मे आणि एकूण ६० टक्के गुण हवेत. ही परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी होत नाही, म्हणून जाहीर झाली की एलएल.बी. चालू असतानाच देऊन टाका. मात्र पेटंट एजंट पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकापुढे उभा राहू शकतो, कोर्टात नाही. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचं अपील मंडळ बंद झालं आणि ती अपिलं उच्च न्यायालयांत गेली. त्यामुळे पेटंटमधले क्लेम (हक्क कशावर ते सांगणारी कलमं) वाचता येणाऱ्या आणि सनदही असलेल्या माणसाची गरज वाढली. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी कलम ३ चं पोटकलम के घोकावं. 'निव्वळ संगणक प्रोग्रॅम'ला पेटंट नाही म्हणजे नेमकं कशाला नाही, यावर लोकांनी आयुष्यं काढली आहेत.

डिजिटल पुरावा ही तिसरी, आणि माझ्या मते येत्या काळात सर्वांत जास्त चालणारी. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा १४ जुलै २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नाही तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ बी चं प्रमाणपत्र लागतंच. आता ते साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गेलंय आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू (एसएचए-२५६ सारख्या पद्धतीनं काढलेला फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. एसएचए-२५६ म्हणजे काय हे ज्याला शिकवावं लागत नाही, तो वकील अशा फाइलीत दहा मिनिटांत चूक दाखवतो.

याशिवाय महारेरात इमारतीतले दोष येतात. कायद्यानं ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष विकासकानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो, आणि गळती ही प्लास्टरची की स्लॅबची हे सिव्हिलवाला लगेच ओळखतो. वीज नियामक आयोग आणि पुण्यातलं हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ, तिथेही आकडे वाचणारी माणसं कमीच.

न्यायाधीश व्हायचं असेल तर एमपीएससीची दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षा आहे. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पदवीनंतर थेट परीक्षा हा बेत आता सोडा.

पैशांचं

कॅम्पसमधून मिळालेला पगार विसरायची तयारी ठेवा. ज्युनिअरला सीनिअर सुरुवातीला देतात ते प्रवासखर्चाला पुरेल इतकंच, काही जण तेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलनं शहरांत दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. शिक्षणाची तीन आणि वकिलीची तीन, अशा सहा वर्षांचा हिशोब घरी बसून करा, गृहकर्ज असेल तर दोनदा करा. पेटंटची तपासणी, करारांचं वाचन, लवादासाठी हिशोबाचे तक्ते अशी कामं इंजिनिअरला कडकीच्या दिवसांत मिळतात, आणि त्यांनीच माझा स्वयंपाकघराचा खर्च चालवला.

सीनिअर निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे ते बघू नका. ते स्वतः फाइल वाचतात का, आणि ज्युनिअरला कधीतरी उभं राहू देतात का, हे विचारा. पश्चिम महाराष्ट्रातल्यांना आता मुंबईलाच जायला हवं असंही नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू झालंय.

पाटी

शेवटी ऑफिसची पाटी. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे पाटीचा आकार वाजवी हवा, आणि आपण अमुक कामातले तज्ज्ञ आहोत असं त्यावर लिहिता येत नाही. 'पेटंट स्पेशालिस्ट', 'बांधकाम वादांचे तज्ज्ञ' हे सगळं बाद. वेबसाइटवर नाव, संपर्क, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र देण्याची मुभा २००८ च्या दुरुस्तीनं मिळाली.

माझी पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, "साहेब, बी.ई. आधी की एलएल.बी. आधी?" मी अभिमानानं बी.ई. सिव्हिल आधी लिहायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी पाटी वाचून पहिला माणूस आत आला, समोर बसला, पिशवीतून सातबारा काढला. मी वकीलपत्राचा कोरा नमुना पुढे ओढला. त्याला पार्किंगच्या शेडचा नकाशा मंजूर करून हवा होता.